राजीखुशीचा अंगठा

बंडी दवाखान्यातून फाटकाशी आली तशी जागेश्वरनं लाठी आडवी धरली.

"कोण हाय आत?"

"माहा भाऊ," बंडी हाकणारा श्रावण म्हणाला. "इश्वर. करडी गावचा. घरी नेऊन राहिलो."

भाताच्या तणसाच्या गादीवर इश्वर पडला होता. गळ्यापर्यंत घोंगडी, डोकं बायकोच्या मांडीवर. रुखमा त्याच्या तोंडावर पदराची सावली धरून बसली होती आणि एकसारखी बोलत होती. "पोचलोच जी आता आपण. रोवणी अर्धी राह्यली तं राहू द्या. वरच्या बांधीत पाणी हाय, खालच्या बांधीत सावली हाय, दारातली गाय वाट पाहून राह्यली…" बोलता बोलता शब्द जात्यावरच्या ओवीसारखे लयीत जात, आणि लय लागली की ती दचकून गप्प होई. बाईमाणसाची ओवी कधी रडगाणं होईल, सांगता येत नाही.

"साप चावलेला ना हा? काल संध्याकाळी आणला तो?"

"हो जी. उतरलं आता विष," श्रावण म्हणाला. बैलांकडे पाहत म्हणाला.

जागेश्वर पोलीस होता, पण ठाण्याचा नव्हे, दवाखान्याचा. दोन वर्षांमागं, एकोणऐंशी साली, लोकांनी इथून एक मुडदा मागच्या भिंतीवरून पळवला आणि आडव्या आलेल्या डॉक्टरचा चष्मा फोडला. तेव्हापासून दवाखान्यानं स्वतःचा पोलीस ठेवला. पगार दवाखान्याचा, बिल्ला दवाखान्याचा, हुकूम मोठ्या डॉक्टरचा. ठाण्यातले शिपाई त्याला 'मलमपट्टीचा फौजदार' म्हणत. काम एकच. साप, विहीर, जाळ, मारामारी, यांत मेलेलं माणूस चिरफाड झाल्याबिगर फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर त्याच्यासंगं नोकरी गेली.

"डॉक्टरनं सोडलं काय?"

"डॉक्टरनं पहाटे यायचे डोळे उघडून पायले जी," रुखमा म्हणाली. "मंग काई न बोलता जीप घेऊन निघूनच गेले. बरं हाय म्हणूनच गेले ना?"

मोठे डॉक्टर कुठं जातात ते कोणाला सांगायची त्यांची रीत नव्हती. सिस्टर निर्मलाबाई एकटी, सकाळपासून अडलेल्या बाळंतिणीपाशी कोंडलेली. विचारायचं कोणाला?

जागेश्वरनं वाकून पाहिलं. एक माशी इश्वरच्या पापणीवर बसली, चालत चालत नाकाशी आली, पुन्हा पापणीवर गेली. पापणी हलली नाही. तणसाखालून कुदळीचा दांडा दिसत होता.

"कुदळ कायले?"

"बांध फुटला हाय," श्रावण म्हणाला.

जागेश्वर त्याच मुलखातला. त्या गावांत सापानं नेलेल्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

मागच्या पोळ्याला कोंढा गावच्या सुलोचनाबाईची पोर विहिरीत पडून मेली होती. चिरफाडीचा डॉक्टर रजेवर. दोन दिवस ती बाई व्हरांड्यात पोरीच्या उशाशी बसली, आणि दोन दिवस जागेश्वर तिच्यासमोर लाठी घेऊन. तिनं शिवी दिली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, तुही नोकरी टिको बापा." नोकरी टिकली. पण तेव्हापासून पगाराच्या तांदळाचा भात त्याच्या तोंडात वाळूसारखा फिरे.

फाटकावर चार माणसं जमली होती. कोणी विडी ओढत होतं, कोणी नुसतंच पाहत होतं.

"सुट्टीचा कागद?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"नाई जी."

"मंग राजीखुशीचा अंगठा लागते. रोग्याचा स्वतःचा."

रुखमाचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. "झोपले हायेत जी आत्ताच…"

"उठवू नोको. घेतो मी."

त्यानं खोलीतून वही आणली, शाईची डबी आणली. घोंगडीखालून हात काढला. अंगठा जड होता, केळीच्या सोपटासारखा गार. शाई लावली, वहीत टेकवला, रेघन्‌रेघ उमटली. त्यापुढं जागेश्वरनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रोगी राजीखुशीने घरी गेला. मग त्या अंगठ्याची शाई आपल्या रुमालानं पुसली, हात परत घोंगडीत ठेवला.

"जा घरी, इश्वरभाऊ," तो चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तब्येतीले जपा."

मग उशाशी सरकला आणि आवाज खाली आणला. "श्रावण, आभाळ भरून आलं. माती चिखल होते. संध्याकाळच्या आत उरकून टाका."

रुखमानं वर पाहिलं. बंडीतूनच तिनं त्याच्या लाठीला हात लावला आणि तो हात कपाळी नेला.

जागेश्वरनं फाटक उघडलं. चाकं कुरकुरत सडकेला लागली. बंडी चिंचेआड जाईपर्यंत तो उभा होता. मग खोलीत जाऊन त्यानं डबा उघडला. भात थंड झाला होता, वरण पातळ होतं. पण त्या दुपारी त्यानं शीत शीत निपटून खाल्लं. सुलोचनाबाई भेटली असती तर तिला सांगितलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

पाऊस आला, पडला, गेला. दिवेलागणीला डॉक्टरांची जीप चिखल उडवत फाटकात शिरली. डॉक्टर स्वतःच थर्मास छातीशी धरून उतरले. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चेहरा हसरा. जागेश्वरनं सलाम ठोकला.

"मिळालं बाबा औषध," डॉक्टर म्हणाले. "आख्खं नागपूर पालथं घातलं, तेव्हा चार बाटल्या हाती लागल्या. मण्यारीचं विष वाईट, पण गडी दणकट आहे. नाडी चांगली होती त्याची. परवापर्यंत उठून बसेल." ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढू लागले आणि मागं वळून म्हणाले, "तू आधी त्या करडीच्या बाईला जाऊन सांग. रडू नको म्हणावं, त्याच्याशी बोलत राहा. पापणीसुद्धा हलवता येत नाही त्याला, पण ऐकू सगळं येतं."