घाटावरचा खडा

सकाळी चहा घेताना मालनच्या कानातला बातमीमणी ओरडला, "धरण फुटलं, पळा!" तिच्या नवऱ्याचा, हणमंतचा मणी म्हणाला, "पडताळणी सुरू आहे."

मालनचा मणी खुल्या बाजारातला. ज्या बातमीला गिऱ्हाईक जास्त, ती त्यावर आधी वाजायची. यंदा त्यावर धरण अकरा वेळा फुटलं होतं. हणमंतचा मणी सरकारी. तो खोटं कधी बोलला नाही, पण मागचा पूर त्याने पूर ओसरल्यावर सांगितला होता.

"अहो, ऐकायचं कुणाचं?"

हणमंतने मणी काढून बशीत ठेवला. "चल, घाटावर बघू. माझा बाप पायरीवर खडा ठेवायचा."

मालननेही मणी काढला. घाटावर हणमंतने पाण्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर खडा ठेवला. दोघं टक लावून बसली. चहा निवावा एवढ्या वेळात खडा बुडाला.

मालन ओरडतच गल्लीत शिरली, "पाणी चढतंय! बाहेर पडा!"

शेजारचे गुलाबराव दारात आले. "कुठल्या मण्यावर आलं?"

"मी बघून आले."

गुलाबराव तिच्या ओल्या पायांकडे बघत राहिले. अशी बातमी त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकली होती.