सुधारणेचा बाण

आप्पांची तब्येत स्थिर झाली हे ऐकून वृंदाला घाम फुटला. रुग्णालयातली यंत्रणा माणूस किती बरा आहे हे मोजत नसे. किती वेगाने बरा होतोय, तेवढंच मोजे. सुधारणा थांबली की खाट गेली, आणि खाटेबरोबर आप्पांना जगवणारं डायलिसिसचं यंत्रही.

मग वॉर्डातले सगळे नातेवाईक करत तेच तिनेही केलं. मधुमेही सासऱ्यांना डबाभर जिलब्या चारल्या. साखर भडकली, औषधांनी उतरली, आणि पडद्यावरचा सुधारणेचा बाण वर गेला. खाट वाचली.

"सूनबाई, मारतेयस की जगवतेयस?" आप्पांनी विचारलं.

"आळीपाळीने, आप्पा."

दिवाळीपर्यंत आप्पांचा एक पाय गेला, मग नजरही गेली. बाण मात्र वरच होता.

यंत्रणा काही मूर्ख नव्हती. ही बाई डबा घेऊन येऊन गेली की रुग्ण झपाट्याने सुधारतो, हे तिने बरोबर हेरलं. वृंदाला आदेश आला: उपचाराचा भाग म्हणून यापुढे रोज तीनदा यावे, डब्यासकट, न आल्यास खाट रद्द.

संध्याकाळी वृंदाने डब्याचं झाकण उघडलं. आप्पांनी वासावरून ओळखलं आणि निमूटपणे आ केला.