लवंग्याची खोड

तिसऱ्यांदा चावला तेव्हा मात्र जावयाने पारोळ्याला कार्ड टाकलं. 'आबा, लवंग्या मला जवळ येऊ देत नाही. यात्रेआधी त्याची खोड मोडा, नाहीतर परत घेऊन जा.'

कार्ड मिळालं आणि तोतारामआबा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला हजर. आंदणात दिलेलं जनावर परत आलं, तर लोक खोट लेकीतच काढणार. प्रमिलाची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकीच्या नावाला जपायला आता आबा एकटेच.

लवंग्या म्हणजे कमरेएवढा घोडा. पण ऐट अशी, की वरातीच्या उंच घोड्यांनी बाजूला व्हावं. आईमागे प्रमिलाने त्याला पोरासारखा वाढवला, म्हणून आबांनी काळजावर दगड ठेवून तो तिच्याबरोबर पाठवला. एकवीरादेवीच्या यात्रेत पोरांना पाठीवर फिरवील, लेकीच्या संसाराला हातभार लावील, एवढीच आशा.

आबांना पाहताच लवंग्याने त्यांच्या पोटात तोंड खुपसलं. आबांचे डोळे भरले. प्रमिलाचेही भरले. पोर फार वाळली होती. धुळ्याचं ऊन, आबा मनाशी म्हणाले.

जावई पितांबर तेलगिरणीत कामाला. हळू बोलायचा, वाकून पाया पडायचा. असा जावई मिळायला नशीब लागतं, असं आबा चारचौघांत सांगत.

"आबा, आत या. चहा तरी घ्या."

"नातू होऊ द्या. मग चहा काय, पंगतीलाच बसतो."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही जुनी रीत आबांनी सोडली नव्हती. मुक्काम देवपुरात, झुलाल नावाच्या जुन्या दोस्ताकडे. सकाळी यायचं, उन्हं उतरली की निघायचं. उंबरठा काही ओलांडला नाही.

"नेमकं काय करतो हा?" त्यांनी विचारलं.

"मी जवळ जाऊन हात वर केला, की कान पाडतो. मग दोन पायांवर उभा राहतो, नाहीतर चावतो."

आबांनी हात वर करून पाहिला. लवंग्या ढिम्म. प्रमिलाने केला, तर त्याने तिचा तळवा चाटला.

आबा हसले. घोडे वळवता वळवता त्यांचे केस पिकले होते. "याने नवा धनी अजून मानला नाही. वासावर जातो लबाड. तुमचा अंगावरचा सदरा द्या."

पितांबर नवा सदरा घालून गिरणीत गेला. जुना प्रमिलाने आणून दिला आणि ती लगेच मागे सरली. आबांनी तो चढवून हात उचलला मात्र, लवंग्या असा उसळला, की आबा धुळीत बसले.

"आबा, ऱ्हाऊ द्या ना त्याले असाच," प्रमिला म्हणाली.

"असा कसा ऱ्हाऊ देऊ? यात्रामा एखादं पोर पाडी दिन्हं मंग? तुना लाडमुये बिघडना तो."

ती गूळ फोडायला आत गेली.

आबा जनावराला मारत नसत. हात वर करायचा. उसळला, की दोर आवळून धाप लागेस्तोवर गोल फिरवायचं. पुन्हा हात वर. पाय रोवून, मान खाली घालून उभा राहिला, की घमेल्यात मूठभर गूळ. हातावर कधीच नाही, त्याने चावरेपणा वाढतो. पहिल्या दिवशी चाळीसदा तरी झालं असेल. दुसऱ्या दिवशी लवंग्याच्या मानेवर दोराचे वळ उठले आणि झुलालच्या घरी आबांना घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी लवंग्या थकला. हात वर झाला, की आपणच मान खाली घालू लागला.

"सारा जीवच गया त्याना," प्रमिला हळूच म्हणाली.

आबांनाही वाईट वाटत होतं. पण ते म्हणाले, "त्याले आते आठेच, याच घरमा नांदनं शे, बेटा. मान खाले घालनीच पडस."

चौथ्या दिवशी पितांबर गिरणीतून लवकर आला. आबांनी दोर सैल सोडला आणि ते बाजूला झाले.

"करा हात वर, पितांबरराव. भिऊ नका."

पितांबर पुढे झाला. त्याने हात वर केला. लवंग्याचा कानसुद्धा हलला नाही. मान खाली, पाय रोवलेले, डोळे मिटलेले.

आबांचा ऊर भरून आला. लेकीच्या संसारातलं विघ्न टळलं. तिला हसताना पाहावं म्हणून त्यांनी लवंग्याच्या पलीकडे, घमेलं घेऊन उभ्या असलेल्या प्रमिलाकडे नजर टाकली.

तीही तशीच उभी होती. मान खाली, पाय रोवलेले, डोळे मिटलेले.