हवेतला बॉल

जपानी फुटबॉल कार्टूनमधल्या कॉमेंटेटरला श्रीशैल मराठी आवाज द्यायचा. काम चिमूटभर, पण सोलापुरात त्याचे वडील सिद्रामप्पा रविवारचा एकही भाग चुकवत नसत. पुढं काय होणार हे श्रीशैलला ठाऊक असायचं, तो सांगायला गेला की अप्पा डाफरायचे, "गप बस. आदीच सांगितलं तर बघायचं काय?"

या रविवारी अप्पांनी दवाखान्यातल्या कॉटवर पडून मोबाइलवर भाग बघितला. बॉल जाळीकडं उडाला आणि हवेत असतानाच भाग संपला. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलेलं पोटात ठेवून श्रीशैल हसत म्हणाला, "आता पुढच्या रविवारी, अप्पा."

अप्पांनी मोबाइल उशीजवळ ठेवला.



"गोल झाला का रं? आजच सांग की."