चपलांची टोपली

बोट निघाली होती. वाळूच्या पट्ट्याच्या पार टोकाला, खडकांच्या आडोशाला बायको नातवासाठी शिंपले वेचत होती. इंजिनाच्या आवाजाने तिने वर पाहिलं, तर बोट पाठ फिरवून चाललेली.

"अहो, बोट गेली."

नवरा म्हणाला, मोजल्याशिवाय तो निघायचाच नाही. आणि बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला.

कारण हा बोटवाला माणसं मोजतच नसे. सहलीची माणसं काय एका जागी बसतात थोडीच! चढताना तो सगळ्यांच्या चपला एका टोपलीत टाकायला लावायचा. अनवाणी उतरा, डुंबा, लोळा. परत आलात की आपापला जोड उचला. टोपली रिकामी झाली की निघाला. सकाळी त्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं.

पण नवरा पडला चपला जपणारा. कोरा करकरीत जोड असा उघड्यावर सोडणं त्याच्या जिवावर आलं. उतरण्याच्या गर्दीत त्याने टोपलीत हात घातला आणि हाताला लागल्या तशा चपला पिशवीत कोंबल्या. बायकोने पाहिलं आणि सोडून दिलं. सुट्टीचा शेवटचा दिवस, आज कशाला वाद घाला.

संध्याकाळच्या भरतीत हा पट्टा दिसेनासा होतो, हेही बोटवाल्यानेच सांगितलं होतं. हॉटेलची खोली सोडून झालेली. सामान धक्क्यावर, मोबाइल सामानात. पाण्याने बिघडतील म्हणून तेही नवऱ्यानेच तिथे ठेवायला लावलेले. लेक समजणार, आईबाबा विमानात बसले असतील. त्यांना शोधायचं कोणाला कारणच नव्हतं.

नवऱ्याने टॉवेल फडकवला, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बोटीचा ठिपका झाला, मग तोही गेला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती दोघं पट्ट्याच्या उंचवट्यावर गेली. तिथेही ते आलं. पोहता दोघांनाही येत नव्हतं. बायकोला इतकी भीती वाटत होती की रडूही फुटेना. शिंपले कधीच हातातून सुटले होते. नवऱ्याने पिशवी मात्र डोक्यावर धरली होती.

"माझ्यामुळे झालं गं," तो म्हणाला.

खरंच होतं ते. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा इंजिनाचा आवाज आला. आधी तिला भास वाटला. मग बोट दिसली, सरळ त्यांच्याच दिशेने येणारी. पुढे एक धिप्पाड प्रवासी तावातावाने हातवारे करत उभा होता. या दोघांना पाहताच त्याचे हात खाली आले. बोटवाल्याने त्यांना वर ओढून घेतलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

बायकोला आता कुठे रडू फुटलं. तिने बोटवाल्याचे हात धरले. म्हणाली, देवासारखे धावून आलात आमच्यासाठी.

बोटवाल्याने मान खाली घातली.

"तुमच्यासाठी नाही हो, ताई. तुम्ही राहिलात हे कोणाला ठाऊकच नव्हतं. यांची एक चप्पल टोपलीत सापडेना, उतरतानाच्या गर्दीत वाळूत पडली असणार म्हणून अडून बसले."

धिप्पाड प्रवाशाचा डावा पाय अनवाणी होता. नवऱ्याने मुकाट्याने पिशवी उलटी केली. त्याचा जोड पडला, तिचा पडला आणि मागोमाग एक भलीमोठी, परकी, डाव्या पायाची चप्पल.