मागची पायरी

हिल्कानं कपाटातले लोकरीचे मोजे काढून पलंगावरच्या बॅगेत कोंबले. "मी लेम्पीकडे चालले. दुपारच्या बसनं. परत येईन असं धरून बसू नकोस."

लेम्पी म्हणजे तिची धाकटी बहीण, सडबरीला राहणारी. टाउनो खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्यानं वेपचा, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचा, एक झुरका घेतला आणि ब्लूबेरीच्या वासाचा ढग सोडला. त्याला खरंच काही कळत नव्हतं. सिगारेट सोड, सिगारेट सोड म्हणून या बाईनं लग्नापासून त्याचं डोकं खाल्लं होतं. आता त्यानं सिगारेट सोडली, तर ही घर सोडून निघाली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तशी गत.

आणि सोडली तरी कशी! कॅनडातल्या या सगळ्या थंडर बे शहरात इतक्या सावकाशीनं कुणी सिगारेट सोडली नसेल. वेपच्या दुकानातल्या, मानेवर गोंदवलेल्या पोरानं सांगितलं होतं, "काका, कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन-तीन महिने. उगाच घाई करू नका." टाउनोनं हा सल्ला इतका मनावर घेतला की दोन हिवाळे उलटले. एका खिशात वेप, दुसऱ्या खिशात पाकीट. वेप ओढून झाला की शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून एक सिगारेट. पहिल्या दिवशी त्यानं जुन्या सवयीनं असा दम मारला की आतला गोड रस थेट घशात उतरला आणि तो खोकून खोकून लाल झाला. राख झाडायला म्हणून तो वेप कठड्यावर आपटायचा. तसे दोन फोडले. एकदा तर तो काडी ओढून वेप पेटवायला निघाला होता, आणि नेमकं ते शेजाऱ्यानं पाहिलं. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात जन्मभर अजस्र यंत्रं चालवलेला माणूस बोटाएवढ्या नळीपुढे हात टेकून बसला होता.

पण जमलं एकदाचं. नाताळानंतर त्यानं पाकीट विकत घेतलं नाही. हिल्का इतकी खूश झाली की तिनं त्याला घरात बसून वेप ओढायची परवानगी दिली. मागच्या पायरीवर थंडीनं कुडकुडत उभं राहायचं संपलं. म्हातारपण आता सुखात जाणार, असं टाउनोला वाटलं.

ते जाऊ लागलं भांडणात. भांडणं पूर्वीही व्हायची, पण वाढायची नाहीत. आवाज चढला की टाउनो कोट अडकवून मागच्या पायरीवर जायचा, एक सिगारेट ओढायचा आणि आत यायचा. तोवर हिल्का दोन कपांत कॉफी ओतत असायची आणि विषय मिटलेला असायचा. ही सगळी आपल्या थंड डोक्याची करामत, अशी त्याची पक्की समजूत होती. कोठारातल्या तरुण पोरांना तो मिशीवर ताव देऊन सांगायचा, "बायकोशी वाद घालू नये रे. बाहेर जावं. माझ्याकडून शिका."

आता बाहेर जायला कारणच उरलं नव्हतं. खुर्चीत बसून, झुरक्या-झुरक्यागणिक तो हिल्काच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर देऊ लागला. सिगारेट निदान संपते तरी. वेप संपतच नाही, तसं भांडणही संपेना. आज साउनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल कुणी पेटवायची यावरून सुरू झालं आणि हिल्काच्या आईच्या माशाच्या सूपवर येऊन थांबलं. ते सूप पाण्यासारखं पातळ असायचं, ही गोष्ट टाउनोनं लग्नापासून पोटात ठेवली होती. आज ती बाहेर पडली. म्हातारीला जाऊनही कितीतरी वर्षं झाली होती. त्यावर हिल्कानं पलंगाखालून बॅग ओढली.

बॅग भरून झाली. पण हिल्का ती उचलेना. तिनं चेन लावली, पुन्हा उघडली. मोज्यांची एक जोडी बाहेर काढली, टाउनोकडे पाहिलं आणि पुन्हा आत टाकली.

आता टाउनोला पटलं. ही बाई खरंच जाणार होती. मग या घरात भांडायचं कुणाशी, आणि कॉफी प्यायची कुणाबरोबर? त्याला रडू येईल की काय असं वाटलं, आणि रडू येईल असं वाटल्यावर तो नेहमी ओरडायचा, तसा ओरडला.

"तुझ्यासाठी सोडली ना मी सिगारेट? अजून काय करू ते तरी सांग!"

"बाहेर जा," हिल्का म्हणाली.

"बाहेर? कशाला? वेप इथंच ओढता येतो. तूच म्हणालीस."

"ओढू नकोस काही. नुसता पायरीवर जाऊन उभा राहा."

"अगं, उणे तीस आहे! तिथं उभं राहून काय करू?"

हिल्का बॅगेशेजारी पलंगावर मटकन बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"चाळीस वर्षं तू पायरीवर धूर सोडत होतास, तेव्हा आत मी काय करत होते असं वाटतं तुला? दरवेळी हीच बॅग भरायचे. आणि तुझी सिगारेट संपेपर्यंत पुन्हा रिकामी करून कॉफी ठेवायचे. आता तू त्या खुर्चीतून हलतच नाहीस मेल्या! तुझ्या डोळ्यांदेखत कशी रिकामी करू?"