वास

बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर माती-पाणी तपासायला आलेल्या मुलीने मागच्या बोअरचं पाणी बाटलीत भरलं, हुंगलं आणि चटकन तोंड फिरवलं.

"काका, जमिनीतली टाकी कितीतरी वर्षं गळत असणार. पाण्याला पेट्रोलचा केवढा वास येतोय! हे कुणी प्यायचं का?"

नारबाने बाटली नाकाशी धरली. तीस वर्षं त्याने इथंच गाड्यांत पेट्रोल भरलं होतं. त्याच्या नाकाला काहीच कळलं नाही.

"आम्हीच की. इथंच मागं राहायचो."

बायको, शालन, सारखी म्हणायची, पाण्याला वास येतोय. तो हसण्यावारी न्यायचा. "पाण्याला कशाला येईल? माझ्या कपड्यांना येतोय गं." मग ती बिचारी त्याचे कपडे दोन-दोनदा धुवायची, त्याच पाण्याने.

शेवटच्या आजारात तिने पाणी पिणंच सोडलं. तेव्हा तो अंघोळ करून, कोरा सदरा घालून, भरलेलं फुलपात्र घेऊन तिच्या उशाशी बसला. "आता बघ, येतोय का वास?"

तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"नाही येत," म्हणाली आणि फुलपात्र रिकामं केलं.